पहिले पिस्तूल स्वस्तच बरे

२०२४ च्या जुलै महिन्यात पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने १० मीटर हवेच्या पिस्तुलात ब्राँझपदक मिळवले. दोन दिवसांनी सरबज्योत सिंगच्या जोडीने तिने दुसरे मिळवले. आणि त्याच आठवड्यात, १ ऑगस्टला, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये आणखी एक पदक आणले. तेव्हापासून आमच्या गावच्या नेमबाजीच्या शेडवर माणसांची ये-जा वाढली. अशाच एका संध्याकाळी एक गृहस्थ आले. त्यांचे किराणा मालाचे दुकान आहे. बरोबर चौदा वर्षांची मुलगी होती. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. त्यावर एका परदेशी पिस्तुलाची किंमत लिहिलेली होती : पावणेदोन लाख रुपये.

"सर, हिला पिस्तूल शिकायचंय. घरातलं सोनं ठेवतो आणि हेच घेतो. बरोबर आहे ना?"

मुलगी मान खाली घालून उभी होती. तिच्या तोंडावर आनंद कमी आणि धास्तीच जास्त दिसत होती. बापाने आपल्यापायी सोने गहाण टाकायचे, आणि आपल्याला जमलेच नाही तर? चौदाव्या वर्षी एवढे ओझे घेऊन कोणाचा हात स्थिर राहील?

मी म्हणालो, "भाऊ, सोनं घरातच राहू द्या. कपाटात एक जुनं पिस्तूल आहे. वर्षभर त्याच्यावर हात बसू दे, मग बघू." गृहस्थांना ते फारसे पटलेले दिसले नाही. आपण गावचे, म्हणून मास्तर आपल्याला जुन्यावर भागवायला सांगतात, असे त्यांना वाटले असावे. त्या दिवशी जे सांगायला वेळ झाला नाही, ते आज सविस्तर सांगतो.

आधी हा खेळ काय आहे ते पाहू. हवेच्या पिस्तुलात दारू नसते. दाबलेल्या हवेच्या जोरावर ४.५ मिलिमीटर जाडीचा शिशाचा छर्रा नळीतून बाहेर पडतो. नेमबाज १० मीटरवर उभा राहून एका हाताने नेम धरतो. दुसऱ्या हाताचा आधार घ्यायचा नाही, असा नियम आहे. समोरच्या कागदावर काळे वर्तुळ असते. त्याचा व्यास ५९.५ मिलिमीटर, म्हणजे साधारण चहाच्या कपाच्या तळाएवढा. त्याच्या मधोमध दहा गुणांचे वर्तुळ असते, ते फक्त ११.५ मिलिमीटरचे. शर्टाचे बटण डोळ्यांपुढे आणा, म्हणजे अंदाज येईल. असे ६० नेम ७५ मिनिटांत मारायचे. एकूण गुण ६००. १९८८ सालच्या सोल ऑलिंपिकपासून पुरुष आणि स्त्रिया दोघांसाठीही हा प्रकार खेळला जातो. पूर्वी स्त्रियांना ४० नेम असत, २०१८ पासून त्यांनाही ६० च आहेत.

आता पिस्तुलांचे प्रकार. सर्वांत स्वस्त पिस्तूल स्प्रिंगचे. नळी मोडून खाली वाकवली की आतली स्प्रिंग दाबली जाते आणि चाप ओढला की दट्ट्या वेगाने पुढे जाऊन हवा दाबतो. हे काही हजार रुपयांत मिळते. दुसऱ्या प्रकारात बाजूचा किंवा वरचा दांडा एकदा उघडून मिटला की हवा आत दाबून बसते. तिसऱ्या प्रकारात नळीखाली हवेची छोटी टाकी असते, ती आधी भरून घ्यायची. मोठ्या स्पर्धांत दिसतात ती हीच. त्यांचा चाप हलका, धक्का जवळजवळ नाहीच, मूठ हाताला घासून बसवलेली. आणि किंमत लाखाच्या पुढे. नियमाने चापाला निदान ५०० ग्रॅमचा ताण लागला पाहिजे आणि पिस्तुलाचे वजन दीड किलोच्या आत असले पाहिजे. स्वस्त पिस्तुलाचा चाप मात्र किलो-दीड किलो ओढल्याशिवाय सहसा सुटत नाही.

तुम्ही म्हणाल, मग चांगल्यावरच का शिकू नये? त्याचे उत्तर देण्याआधी नेम धरण्याच्याही आधीचा धडा सांगितला पाहिजे, कारण तो पैशाने विकत मिळत नाही.

मी पंधरा वर्षांचा असताना मामांनी मला एक स्प्रिंगचे पिस्तूल आणून दिले होते. ते "खेळण्यातलंच" असे घरात सगळे म्हणत. एका दुपारी मी ते पुसत होतो. छर्रा नाही, अशी माझी खात्री होती. भिंतीवरच्या आजोबांच्या तसबिरीवर गंमत म्हणून नेम धरला आणि चाप ओढला. काच खळ्‌कन फुटून खाली आली. तसबिरीखाली माझी धाकटी बहीण पाटीवर बे एके बे लिहीत बसली होती. काचेचे तुकडे तिच्या केसांत पडले. तिला ओरखडासुद्धा आला नाही. पण छर्रा हातभर खाली गेला असता तर काय झाले असते, हा विचार आज सत्तरीतही माझी पाठ सोडत नाही. सकाळी मीच छर्रा भरला होता आणि आईने जेवायला हाक मारली म्हणून पिस्तूल तसेच ठेवून उठलो होतो. इतके साधे कारण!

म्हणून आमच्या शेडवर पहिला आठवडा कोणालाही छर्रा मिळत नाही. फक्त सवयी मिळतात. पिस्तूल हातात घेतले की ते भरलेलेच आहे असे धरून चालायचे, दुसऱ्याने "रिकामं आहे" म्हणून सांगितले तरीही. नळीचे तोंड नेहमी निशाणाकडे. माणसाकडे, जनावराकडे, दाराकडे कधी नाही, गमतीने तर नाहीच नाही. नेम धरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर, पिस्तुलाच्या अंगाला सरळ टेकलेले. निशाणाच्या मागे काय आहे हे आधी पाहायचे. आणि खाली ठेवण्यापूर्वी नळी उघडून डोळ्यांनी पाहायची. रिकामी आहे असे आठवून चालत नाही. अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचा छर्रा सेकंदाला १०० मीटरहून अधिक वेगाने जातो. डोळा घालवायला तेवढे पुरते. तो कठीण भिंतीवर आपटून उलटही येतो, म्हणून पाहणाऱ्यांनीसुद्धा चष्मा लावायचा. छर्रे शिशाचे असतात. ते तोंडात धरायचे नाहीत आणि नेमबाजी झाली की साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला शिवायचे नाही.

स्प्रिंगच्या पिस्तुलाची एक खास गोष्ट लक्षात ठेवा. छर्रा घालताना वाकवलेली नळी दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवली पाहिजे. चुकून चापाला धक्का लागला तर नळी फटकन मिटते आणि बोट सापडते. आणि स्प्रिंग ताणून छर्र्यावाचून चाप ओढायचा नाही. पुढे छर्रा नसला की दट्ट्याला हवेची गादी मिळत नाही. तो जाऊन आदळतो आणि आतले भाग खराब होतात.

आता नेमाकडे वळू. पहिल्यांदा आपला डोळा ओळखायचा. दोन्ही पंजे पुढे लांब करून त्यांच्यामध्ये रुपयाएवढे भोक ठेवा आणि त्यातून भिंतीवरचे घड्याळ पाहा. मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने घड्याळ भोकातच दिसत राहते, तो तुमचा नेमाचा डोळा. उजव्या हाताच्या कित्येक माणसांचा डोळा डावा निघतो. हे आरंभीच कळले तर पुष्कळ त्रास वाचतो.

पिस्तुलाच्या नळीच्या टोकावर एक उभा तुकडा असतो, त्याला जुने लोक माशी म्हणत. मागच्या बाजूला एक खाच असते. माशी खाचेच्या मधोमध आणि दोघींचे माथे एका रेषेत, असे दिसले की नेम जुळला. नवा माणूस इथेच चुकतो. त्याचा डोळा लांबच्या काळ्या वर्तुळावर खिळतो आणि माशी पुसट होते. खरे म्हणजे माशी ठसठशीत दिसली पाहिजे आणि काळे वर्तुळ थोडे धूसर. असे का, ते हिशेबाने पाहा.

माशी आणि खाच यांच्यामध्ये ३० सेंटिमीटर अंतर आहे असे धरू. निशाण आहे १० मीटरवर, म्हणजे त्याच्या ३३ पट लांब. माशी खाचेत फक्त एक मिलिमीटर बाजूला सरकली, तर छर्रा तिकडे ३३ मिलिमीटर सरकतो. दहाच्या मधोमध जाणारा छर्रा काळ्याच्या बाहेर, सहा गुणांच्या कड्यात जाऊन पडतो! उलट माशी खाचेत अगदी बरोबर आहे, पण सगळा हातच पाच मिलिमीटर इकडेतिकडे डोलतो आहे, असे समजा. मग छर्राही पाचच मिलिमीटर सरकतो, आणि त्याची कड रेषेला शिवत असल्यामुळे गुण दहाच मिळतात. हात कोणाचाच दगडासारखा स्थिर नसतो. पदक मिळवणाऱ्यांचाही नसतो. हात डोलला तर डोलू द्यावा, माशी आणि खाच यांची जुळणी मात्र मोडू देऊ नये. हे पटले की नवशिक्याची निम्मी भीती जाते. काळ्याच्या मधोमध टेकण्याऐवजी त्याच्या किंचित खाली, पांढऱ्यावर माशी ठेवायची, म्हणजे काळी माशी काळ्या वर्तुळात हरवत नाही.

आता चाप. आमच्या स्वस्त पिस्तुलाचा खरा उपयोग इथे होतो. "आता नेमका लागतोय, ओढ!" असे मनात आले की बोट झटका देते, झटक्याने मनगट वळते आणि माशी खाचेतून निसटते. हलक्या चापाचे महागडे पिस्तूल हा दोष बराचसा झाकून टाकते. झटका थोडा, म्हणून सरकही थोडी. सात-आठ गुण मिळत राहतात आणि आपल्याला येते आहे असे वाटत राहते. जड चाप दयामाया दाखवत नाही. झटका दिलात की छर्रा खाली, चाराच्या कड्यात. कागद लगेच चाडी सांगतो. बोटाच्या पहिल्या पेराने, सरळ मागे, लिंबू हळूहळू पिळावे तसा चाप वाढवत न्यायचा. छर्रा नेमका केव्हा सुटला ते आपल्यालाही कळू नये.

दुसरी गोष्ट म्हणजे धक्का. स्प्रिंगच्या पिस्तुलात छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच आत जड दट्ट्या धावत असतो आणि पिस्तूल हलत असते. "सुटला!" म्हणून लगेच हात खाली टाकला किंवा कुठे लागला ते पाहायला मान वर केली, तर छर्रा भरकटतो. म्हणून सुटल्यावरही मनात एक-दोन म्हणेपर्यंत डोळा माशीवर आणि हात तसाच. चांगल्या पिस्तुलावर ही सवय लागायला फार दिवस लागतात, कारण तिच्यावाचून बरेच दिवस भागते. स्वस्तावर ती नाइलाजाने लागते, आणि एकदा लागली की जन्मभर पुरते.

घरी सराव कसा करावा? छर्रा नाही, स्प्रिंग ताणलेली नाही, नळी उघडून पाहिलेली, दार बंद. असे पिस्तूल घेऊन कोऱ्या भिंतीसमोर उभे राहायचे. हात वर न्यायचा, माशी खाचेत बसवायची, आठ-दहा सेकंद धरायची, खाली आणायची आणि श्वास घ्यायचा. असे वीस वेळा. भिंतीवर निशाण नसते, त्यामुळे डोळ्याला माशीवाचून दुसरे पाहायला काही नसते. याला एक पैसाही लागत नाही. दहा सेकंदांत नेम जमला नाही तर हात खाली घ्यायचा. नेमबाजीत न मारलेला नेम हाही शिकण्याचाच भाग आहे, बरं का!

आणि एक वही ठेवायची. पाच छर्रे मारले की कागद काढून ते कुठे पडले त्याचे चित्र वहीत काढायचे. पाचही डावीकडे पण एकाच जागी झुपक्याने पडले, तर आनंद माना; हात एकसारखा चालतो आहे, खाचेचा स्क्रू थोडा फिरवला की झुपका मध्ये येईल. पण एक वर, एक खाली, एक बाजूला असे विखुरले असतील, तर स्क्रूला हात लावायचा नाही. तिथे दुरुस्ती आपल्यात करायची आहे.

आता पिस्तुलाच्या बाजूनेही न्याय केला पाहिजे. स्वस्त म्हणजे भिकार नव्हे. घेताना नळीच्या बिजागरीला हलवून पाहा, ती खुळखुळता कामा नये. मागची खाच स्क्रूने सरकली पाहिजे आणि सरकवली तिथे टिकली पाहिजे. मूठ धरल्यावर पहिले पेर चापावर सहज पोचले पाहिजे. लहान मुलांना स्प्रिंग दाबायला जोर पुरत नाही. ते काम मोठ्या माणसाने करावे, किंवा एका दांड्याने हवा भरणारे पिस्तूल पाहावे. शंका आलीच, तर टेबलावर गोधडीची घडी ठेवून तिच्यावर मनगट टेका, पिस्तूल टेकू नका, आणि पाच छर्रे मारा. जवळजवळ पडले तर पिस्तूल निर्दोष आहे. तरीही विखुरले, तर आधी दुसऱ्या डबीतले छर्रे घालून पाहा आणि मगच पिस्तुलाला नावे ठेवा. क्लबमध्ये वापरायला पिस्तूल मिळत असेल, तर विकत घेण्याची घाईच करू नये.

याचा अर्थ चांगल्या पिस्तुलाची गरज कधीच पडत नाही, असा नाही. झुपका महिनोन्‌महिने नऊच्या कड्याच्या आत राहू लागला आणि गोधडीवर टेकूनही त्याहून लहान होत नाही, तेव्हा पिस्तूल माणसाला अडवते आहे असे समजावे. जिल्ह्याच्या, राज्याच्या स्पर्धेत साठ नेम स्वस्त स्प्रिंगवर ओढणे कठीणच. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले, ते काही मोडक्या पिस्तुलावर नव्हे. पण महागडे पिस्तूलही दगा देते. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ऐन स्पर्धेत मनू भाकरचे पिस्तूल बिघडले, दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि तिची अंतिम फेरी हुकली. तीन वर्षांनी तीच मुलगी पॅरिसला दोन पदके घेऊन उभी राहिली. पिस्तूल तर बाजारात कोणालाही मिळते. त्या तीन वर्षांत तिने जे टिकवले, ते बाजारात मिळत नाही.

कायद्याचेही दोन शब्द. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम आहेत. ज्या हवाई शस्त्राची ताकद २० ज्यूलपेक्षा अधिक नाही आणि नळी ४.५ मिलिमीटरहून मोठी नाही, त्याला परवाना लागत नाही. दारूच्या पिस्तुलाला परवाना लागतोच. परवाना लागत नाही म्हणजे ते कमरेला लावून बाजारात हिंडावे असे मात्र नाही. दुरून पाहणाऱ्याला हवेचे कोणते आणि खरे कोणते हे कळत नाही. पोलिसालाही कळणार नाही. ते पेटीत, कुलपात, छर्रे वेगळ्या जागी आणि खरेदीची पावती जवळ, असे न्यावे. पाखरांवर नेम धरणे हा खेळ नव्हे, तो गुन्हा आहे. घरी निशाण लावायचेच असेल तर जुन्या कपड्यांनी ठासून भरलेली लाकडी पेटी, तिच्यामागे पक्की भिंत, आणि मधे कोणाचे दार-खिडकी नाही, एवढे पाहावे. शक्यतो शेडवरच यावे. चूक झालीच तर ती पाहायला चार डोळे असतात.

त्या किराणा दुकानदारांची मुलगी पुढे नेमाने येऊ लागली. पहिले तीन महिने तिचे छर्रे कागदभर विखरायचे. दोनदा ती रडली. एकदा वडील माझ्याकडे पाहून म्हणालेसुद्धा, "सर, पिस्तूलच वाईट असेल हो." मी गोधडी मांडली आणि मुलीला बसवले. पाच छर्रे एकमेकांना खेटून पडले. वडील काही बोलले नाहीत. मुलगी मात्र त्या कागदाकडे बराच वेळ पाहत राहिली. पिस्तूल बरोबर आहे, म्हणजे आपल्यालाही जमू शकते, असे तिला त्या दिवशी पहिल्यांदा वाटले असावे.

परवा तिने मला वही दाखवली. झुपका आता आठाच्या आत येऊ लागला आहे. मी विचारले, "काय गं, बाबा नव्या पिस्तुलाचं काढतात की नाही?"

"काढतात की. मीच म्हटलं, एवढ्यात नको." तिने वहीतल्या एका चित्रावर बोट ठेवले. चार छर्रे एका जागी होते, पाचवा खाली चाराच्या कड्यात. "हा बघा ना सर. अजून झटका बसतो."

एवढे बोलून तिने नळी उघडली, आत पाहिले आणि पिस्तूल टेबलावर ठेवले. तोंड निशाणाकडे करून.